जमीन नोंदणीचे मुक्त सॉफ्टवेअर निवडताना आधी फेरफार करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: युगांडातल्या एका ग्रामीण जिल्ह्यात वहिवाटीने चालत आलेल्या, कसलाही कागद नसलेल्या सुमारे २५,००० जमिनींची नोंद करायची आहे. परवाना शुल्काला पैसे नाहीत, इंटरनेट कधी असते कधी नसते, आणि जिल्हा कचेरीत संगणक जाणणारी दोनच माणसे आहेत. तयार मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, की स्वतः बांधावे? एकूण खर्च किती धरावा?

आधी सरळ उत्तर देतो. माहितीचा साठा पोस्टग्रेस या साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्यावर नकाशे ठेवणाऱ्या पोस्टजीआयएसमध्ये ठेवा. नकाशाचे काम क्यूजीआयएसवर आणि शेतावरची टिपणे क्यूफील्डवर घ्या. नोंदींचा आराखडा स्वतः रचत बसू नका, एसटीडीएम या जमीन-नोंदीच्या तयार सॉफ्टवेअरचा घ्या. यातल्या एकालाही परवाना शुल्क नाही आणि सगळी एकमेकांशी नीट बोलतात. पण केवळ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. पहिली नोंद कुठलेही सॉफ्टवेअर करून देते, अगदी एक्सेलची फाइलसुद्धा. कस लागतो तो पुढे, खातेदार वारतो, भाऊ वेगळे होतात, कोणीतरी अर्धे शेत विकतो तेव्हा. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा काढणे सोपे आहे, फेरफार सांभाळणे अवघड. म्हणून सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा: वारस नोंद करून दाखवा, आणि मग जुनी नोंद पुन्हा काढून दाखवा.

उपलब्ध काय आहे

एसटीडीएम ही संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटमधल्या जीएलटीएन या गटाची देणगी. ते क्यूजीआयएसमध्ये बसणारे जोड-सॉफ्टवेअर आहे आणि माहिती पोस्टग्रेसमध्ये ठेवते. त्याच्या सुरुवातीच्या वापरांतला एक युगांडातच झाला, म्बाले शहरातल्या वस्तीत. त्याची खरी ताकद अशी की मालकी हा एकच हक्क ते गृहीत धरत नाही. वहिवाट, भाडे, कुळाचा ताबा, सामाईक चराई, नुसता दावा, यातले काहीही त्यात नोंदता येते. प्रमाणपत्राचा नमुनाही त्यातच बनवता येतो. उणीव अशी की ते टेबलावरच्या संगणकाचे साधन आहे. अर्ज आला, छाननी झाली, हरकतीची मुदत संपली, मंजुरी मिळाली, ही साखळी त्यात तयार मिळत नाही, ती तुम्हाला बांधावी लागेल.

सोला हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नोंदणी-सॉफ्टवेअर, फिनलंडच्या पैशातून उभे राहिलेले. नेपाळ, सामोआ आणि घाना हे तीन देश त्याच्या पहिल्या प्रयोगाचे. कचेरीतल्या अर्जाचा प्रवास त्यात उत्तम बांधलेला आहे, आणि सामोआसारख्या लहान देशाच्या नोंदणी कचेरीला ते जुळले. त्याच कुळातले ओपन टेन्युअर हे अँड्रॉइड फोनवरचे साधन गावकऱ्यांनी स्वतः दावे टिपावेत म्हणून केलेले आहे. अडचण वयाची आहे. सोला जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्त्यांवर उभे आहे. आज नव्याने बसवायचे तर आधी जुना पाया डागडुजी करून घ्यावा लागतो, आणि ते काम दोन माणसांच्या कचेरीचे नाही. तरीही ते डाउनलोड करून त्यातले तक्ते आणि अर्जाचे टप्पे वाचा. तुम्हाला जी साखळी बांधायची आहे तिचा नमुना तिथे मोफत पडलेला आहे.

कॅडास्टा हे जमिनीचे हक्क टिपण्याचे साधन मुक्तस्रोत म्हणून सुरू झाले आणि नंतर व्यावसायिक नकाशा-प्रणालीवर गेले. टांझानियातल्या इरिंगा भागात गावजमिनींसाठी वापरलेले मास्ट हे फोनवरचे साधन यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशावर चालले, आणि २०२५ मध्ये यूएसएडच बंद झाली. दोन्हींचे काम चांगले होते. तरी सॉफ्टवेअर मुक्त असणे वेगळे आणि ते चालू राहणे वेगळे, हे ध्यानात ठेवा. निवड करताना तीन गोष्टी स्वतः पाहा: मूळ कोडमध्ये शेवटचा बदल कधी झाला, सगळी माहिती नकाशांसह एका झटक्यात उघड्या स्वरूपात बाहेर काढता येते का, आणि ते तुमच्याच संगणकावर इंटरनेटशिवाय चालते का. पोस्टग्रेस आणि क्यूजीआयएस यांच्यामागे जगभरचे हजारो वापरकर्ते आहेत, म्हणून पाया त्यांचा घ्यायचा. वरचे थर पुढे बदलले तरी चालतील.

आराखडा: सातबारा डोळ्यासमोर ठेवा

जमीन नोंदींसाठी आयएसओ १९१५२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पहिली आवृत्ती २०१२ ची. बोलताना त्याला एलएडीएम म्हणतात. इंग्रजी आकृत्यांमध्ये ते किचकट दिसते, पण सातबारा वाचता येणाऱ्याला पाच मिनिटांत समजते. त्यात व्यक्ती असते, म्हणजे आपला खातेदार. जागेचा तुकडा असतो, म्हणजे गट किंवा पोटहिस्सा. एका हक्काखाली येणाऱ्या तुकड्यांचा गठ्ठा असतो, साधारण आपल्या खात्यासारखा. हक्क, बंधने आणि जबाबदाऱ्या यांचा वेगळा तक्ता असतो. सातबाऱ्यावर भोगवटादाराचे नाव, कूळ, इतर हक्कातला बोजा हे सारे एकाच पानावर दिसते, इथे ते एकाच तक्त्यात वेगवेगळ्या ओळी म्हणून बसते. आणि प्रत्येक ओळीला आधाराचा दस्त जोडलेला असतो, जसा आपल्याकडे प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो.

युगांडात हे वेगळेपण फार उपयोगी पडते. १९९५ च्या राज्यघटनेने तिथे जमीनधारणेचे चार प्रकार मानले आहेत: वहिवाटीची, फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीची, मायलो आणि भाडेपट्ट्याची. मायलो ही १९०० च्या बुगांडा करारातून आलेली पद्धत. तिथे जमीन एकाच्या नावावर असते आणि कसणारा, ज्याच्या ताब्याला किबांजा म्हणतात, तो दुसराच असतो. दोघांचेही हक्क कायद्याला मान्य. ज्याने मालक आणि कूळ ही जोडी पाहिली आहे त्याला हे नवे नाही. पण ‘मालकाचे नाव’ असा एकच रकाना ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे मांडताच येत नाही, आणि मग कारकून दुसरे नाव शेऱ्यात टाकतो. शेऱ्यात गेलेला हक्क शोधता येत नाही, मोजता येत नाही आणि प्रमाणपत्रावर छापला जात नाही.

हिस्सा नेहमी अपूर्णांकात ठेवा, अंश एका रकान्यात आणि छेद दुसऱ्यात. तीन भावंडांना ०.३३ दिले की बेरीज ०.९९ होते आणि शंभरावा भाग कोणाचाच राहत नाही. आपल्या जुन्या दप्तरात सोळा आण्यांचे तीन वाटे पाच आणे चार पै असे बरोबर पडत. तितकी काटेकोर बेरीज संगणकानेही केलीच पाहिजे. एका हक्काच्या सर्व हिश्श्यांची बेरीज एक भरल्याशिवाय नोंद मंजूर होणार नाही, अशी अट साठ्यातच घाला. ती फक्त पडद्यावरच्या फॉर्ममध्ये घातली तर कोणीतरी मागच्या दाराने फाइल आयात करतो आणि अट वाऱ्यावर जाते.

क्रमांकाबद्दल. आतला क्रमांक संगणकाने बनवलेला, अर्थ नसलेला आणि कधीही न बदलणारा असावा. यूयूआयडी हा कुठेही दुसऱ्यांदा न येणारा लांब क्रमांक यासाठीच असतो. सहा टॅबलेट इंटरनेटशिवाय फिरत असतील आणि प्रत्येकाने १, २, ३ अशी मोजणी सुरू केली, तर संध्याकाळी सहा वेगवेगळ्या जमिनी एकाच क्रमांकाच्या होतात. लोकांसाठीचा छापील क्रमांक वेगळा, कचेरीत देण्याचा. त्यात जिल्ह्याचे नाव गुंफू नका. युगांडात जिल्हे सतत फुटत आले आहेत, आणि जिल्हा बदलला की क्रमांक खोटा ठरतो.

व्यक्तीच्या नोंदीत राष्ट्रीय ओळख क्रमांकाचा रकाना असावा, पण सक्तीचा नको. तो १४ अक्षरी क्रमांक अनेक म्हाताऱ्या माणसांकडे नसतो. रकाना सक्तीचा केला की टिपणारा पोरगा शून्ये भरतो, आणि मग एकाच ‘शून्य’ माणसाच्या नावावर चारशे जमिनी दिसू लागतात. जन्मतारखेचेही तसेच, नुसते साल चालले पाहिजे.

बाईचे नाव हा रकान्याचा प्रश्न आहे, नुसत्या भावनेचा नव्हे. फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा एकच रकाना असेल तर बायको सॉफ्टवेअरनेच वगळली. इथिओपियात अम्हारा भागात प्रमाणपत्रावर नवरा-बायको दोघांचे फोटो लावले, आणि त्यामुळे एकट्याने जमीन विकणे अवघड झाले. आपल्याकडेही लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्यासाठी झटावे लागले होते. तुमच्या फॉर्ममध्ये व्यक्ती जोडण्याची यादी ठेवा आणि ‘एकच धारक’ निवडल्यास कारण विचारा. युगांडाच्या जमीन कायद्यात २००४ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या जमिनीच्या व्यवहाराला जोडीदाराची संमती लागते. ती संमती वेगळा दस्त म्हणून जोडल्याशिवाय विक्रीचा अर्ज पुढे सरकू नये.

शेतावर

पाव इंचाची अचूकता मागू नका. २०१४ पासून या क्षेत्रात ‘कामापुरती अचूक’ मोजणीचा आग्रह धरला जातो, आणि तो योग्य आहे. रवांडाने २००९ ते २०१३ या काळात एक कोटीहून अधिक तुकडे याच पद्धतीने नोंदवले. गावातल्याच तरुणांना थोडे शिकवून, हवाई छायाचित्राच्या छापील पानांवर, शेजाऱ्यांना बांधावर उभे करून पेनाने हद्दी आखल्या. खर्च तुकड्यामागे सहा-सात डॉलरच्या आसपास आला. पारंपरिक मोजणी याच्या कित्येक पट महाग पडते.

छापील पान कसे असावे? १:२००० प्रमाण, ए-३ कागद. समास वजा जाता त्यावर सुमारे ७६० मीटर बाय ५२० मीटर जमीन येते, म्हणजे ४० हेक्टरच्या आत. अर्ध्या मिलिमीटरची पेनाची रेघ जमिनीवर एक मीटर रुंद होते, हे टीमला पहिल्याच दिवशी दाखवा. मग जाड मार्कर कोणी वापरत नाही. पानाच्या चारही कोपऱ्यांवर निर्देशांकांच्या फुल्या छापलेल्या हव्यात. त्या नसतील तर स्कॅन केलेले पान नकाशावर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. कागद ओला होतो, घडी पडते, ताणला जातो. म्हणून दर संध्याकाळी त्या दिवसाच्या पानाचा वरून सरळ फोटो काढून ठेवायचा.

फोनच्या जीपीएसवर किती विसंबायचे ते आकड्यांतच पाहा. २० बाय ३० मीटरचा घराचा तुकडा ६०० चौरस मीटरचा. चारही बाजू तीन-तीन मीटर बाहेर सरकल्या तर तो ९३६ दिसतो, आत सरकल्या तर ३३६. तोच फरक १०० बाय २०० मीटरच्या शेतात साधारण नऊ टक्क्यांचा. म्हणून शेताला फोन चालतो, घरवस्तीला आणि बाजारपेठेला चालत नाही. तिथे दुहेरी वारंवारतेचे स्वस्त जीएनएसएस यंत्र, म्हणजे उपग्रहांवरून जागा अचूक सांगणारे यंत्र, आणि चूक सुधारायला जवळ ठेवलेले बेस स्टेशन ही जोडी वापरा. केळीच्या बागेत, दाट झाडांखाली फोन आणखी भरकटतो. तिथे छायाचित्रावर रेघ आखणे किंवा दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजणे बरे. युगांडात हद्दीवर ड्रॅसिनाची झुडपे लावण्याची रीत आहे. ती जिथे छायाचित्रात दिसतात तिथे काम झरझर होते.

प्रत्येक हद्दीसोबत ती कशी टिपली याची नोंद ठेवा: छायाचित्रावरून, फोनने, जीएनएसएसने की टेपने, आणि अंदाजे चूक किती मीटर. हा एक रकाना आज फुकटचा वाटतो. दहा वर्षांनी कोणी अचूक मोजणी आणेल तेव्हा कोणती रेघ सरकवायची आणि कोणती नाही, हे ठरवायला दुसरे काहीच हाताशी नसते. क्षेत्रफळ प्रमाणपत्रावर छापताना ‘सुमारे’ हा शब्द याच रकान्यावरून यावा.

कोबो किंवा ओडीके ही फोनवर फॉर्म भरायची साधने प्रश्नावलीसाठी उत्तम आहेत, पण हद्दी आखायला घेऊ नका. त्यात शेजारच्या तुकड्याच्या कोपऱ्याला रेघ चिकटवता येत नाही. दोन शेजाऱ्यांचा एकच बांध दोन वेळा चालून टिपला की दोन वेगळ्या रेघा येतात, आणि मधे कोणाचीच नसलेली किंवा दोघांची असलेली पट्टी उरते. क्यूफील्डमध्ये जुन्या कोपऱ्याला चिकटण्याची सोय आहे. मूळ प्रकल्पात ती आणि सामाईक हद्दीचे संपादन चालू करूनच टॅबलेट द्या.

एक जुनी खोड सांगतो, कारण तिने पूर्ण जिल्हा वाकडा होऊ शकतो. निर्देशांक कुठून मोजायचे याचा एक आधार असतो. युगांडाचे जुने नकाशे आर्क १९६० या आधारावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींचे आकडे यूटीएम या पट्ट्यांच्या जागतिक निर्देशांक-पद्धतीतल्या पट्टा ३६ मधलेच असल्याने सारखेच दिसतात, पण जागा सुमारे ३०० मीटर सरकते. जुना नकाशा ‘थोडा हलला आहे’ म्हणून कोणी तो हाताने ओढून बसवतो, आणि ती ओढ पुढच्या प्रत्येक थरात शिरते. साठ्यात एकच आधार ठरवा, डब्ल्यूजीएस ८४ चा पट्टा ३६. जुने नकाशे रीतसर रूपांतर करून आत घ्या, आणि जिल्हा विषुववृत्तावर पसरलेला असेल तर उत्तर-दक्षिण पट्ट्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. उपग्रह छायाचित्रही तपासून घ्या. डोंगराळ भागात ते पाच-दहा मीटर हललेले असू शकते. पंधरा पक्क्या जागा, उदाहरणार्थ रस्त्यांचे चौक किंवा शाळेच्या इमारतीचे कोपरे, जीएनएसएसने मोजा आणि छायाचित्राशी ताडा. न ताडता अर्धा गाव छायाचित्रावरून आणि अर्धा जीपीएसवरून केला, तर दोन अर्धे मधे जुळत नाहीत.

ड्रोन? पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून आपल्याकडे गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली आणि चांगली झाली. पण गावठाण लहान असते. तुमचे २५,००० तुकडे सरासरी एक हेक्टरचे धरले तरी २५० चौरस किलोमीटर होतात. साधा चार पंख्यांचा ड्रोन दिवसाला एक-दोन चौरस किलोमीटर करतो. शेतजमिनीला अर्ध्या मीटरचे उपग्रह छायाचित्र घ्या, आणि ड्रोन ठेवायचाच तर बाजारवस्तीपुरता.

संध्याकाळची तपासणी रोज झालीच पाहिजे. आठाच्या आकड्यासारखा पीळ पडलेले तुकडे, शेजाऱ्यावर चढलेले तुकडे आणि मधल्या फटी पोस्टजीआयएस एका प्रश्नात काढून देते. चढलेली पट्टी अर्ध्या मीटरपेक्षा अरुंद असेल तर कचेरीत जुळवा. रुंद असेल तर दुसऱ्या दिवशी तीच टीम पुन्हा बांधावर. आठवडा गेला की कोण कुठे उभे होते हे कोणालाच आठवत नाही. आणि जिथे दोघे खरोखर भांडत आहेत, तिथे रेघ ‘साफ’ करू नका. दोन्ही दावे दोन्ही रेघांसह, वादग्रस्त म्हणून नोंदवा. वाद मिटवणे हे गावाच्या समितीचे काम आहे, नकाशा काढणाऱ्याचे नव्हे.

एक फेरफार, पायरी पायरीने

युगांडाच्या १९९८ च्या जमीन कायद्यानुसार वहिवाटीच्या मालकीचे प्रमाणपत्र मिळते. अर्ज क्षेत्र जमीन समितीकडे जातो, तिची शिफारस जिल्हा जमीन मंडळाकडे, आणि नोंद व प्रमाणपत्र उप-काउंटीच्या पातळीवर बसलेला रेकॉर्डर देतो. तो साधारण आपल्या तलाठ्याच्या जागी. सगळे सॉफ्टवेअर या माणसाच्या टेबलावर चालले पाहिजे.

समजा तुकडा क्रमांक ४१२ चा धारक वारला. मागे विधवा, दोन मुलगे, लग्न झालेली मुलगी. धाकटा मुलगा येतो आणि म्हणतो, आता माझे नाव लावा.

वाईट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डर ४१२ उघडतो, वडिलांचे नाव खोडतो, मुलाचे टाकतो आणि सेव्ह करतो. दोन मिनिटांत काम झाले, आणि वडील कधी धारक होते याचा पुरावा कायमचा गेला.

नीट सॉफ्टवेअरमध्ये हक्काच्या ओळीवर बदलाचे बटणच नसते. रेकॉर्डर ‘वारस नोंद’ असा अर्ज उघडतो. अर्जाला क्रमांक मिळतो आणि ४१२ वर ‘प्रलंबित’ असा शिक्का बसतो. तो असेपर्यंत त्या तुकड्याची विक्री किंवा गहाण नोंदता येत नाही. मृत्यूचा दाखला किंवा समितीचे पत्र स्कॅन होऊन जोडले जाते. मग वारसांची यादी भरायची. सॉफ्टवेअर पहिल्या नोंदीवेळी टिपलेली कुटुंबातली माणसे पुढे मांडते, त्यात विधवा आणि मुलगी आपोआप दिसतात. कोणाला वगळायचे तर प्रत्येकासाठी कारण आणि सहीचा कागद. हिश्श्यांची बेरीज एक. जाहीर नोटीस छापून निघते, कायद्याच्या मुदतीइतकी वाट पाहिली जाते. हरकत आली तर अर्ज समितीकडे परत. नाही आली तर मंजुरी, आणि ती अर्ज भरणाऱ्याच्या लॉगिनने देता येत नाही, दुसऱ्याच माणसाने द्यायची.

मंजुरीच्या क्षणी साठ्यात तीन गोष्टी एकाच व्यवहारात घडतात: वडिलांच्या ओळीला शेवटची तारीख लागते, वारसांच्या ओळी त्याच तारखेपासून सुरू होतात, आणि दोन्हींना अर्जाचा क्रमांक चिकटतो. मधेच वीज गेली तर तिन्ही रद्द, अर्धवट काही राहत नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात, खोडत नाहीत, ती रीत हीच आहे. एकाच तुकड्यावर एकाच काळात दोन पूर्ण मालकी चढू नयेत, असे बंधन पोस्टग्रेसमध्ये घालता येते. ते घाला. शेवटची तारीख लागलेली ओळ कोणालाही बदलता येऊ नये, हेही तिथेच बांधा.

पुढे वारसांनी तीन वाटे केले तर नकाशा बदलतो. ४१२ बंद होतो आणि तीन नवे तुकडे जन्मतात, प्रत्येकाला ‘४१२ पासून’ ही नोंद. नव्या तुकड्यांचे बाहेरचे कोपरे जुन्याच कोपऱ्यांवर बसले पाहिजेत, आणि क्षेत्रांची बेरीज जुन्याइतकी आली पाहिजे. दोन्ही तपासण्या मंजुरीच्या आधी आपोआप व्हाव्यात. इथेच बहुतेक घरगुती प्रणाली मोडतात, कारण बांधणाऱ्याने नोंद आणि नकाशा दोन वेगळ्या जागी ठेवलेले असतात.

फेरफाराची किंमतही आराखड्याचाच भाग आहे. रवांडात इतके मोठे काम झाल्यावरही ग्रामीण भागातले अनेक व्यवहार नोंदीबाहेर झाले. हस्तांतरणाला ३०,००० फ्रँकचे ठरीव शुल्क लहान तुकड्याच्या मानाने जड होते. २०१३ च्या कायद्याने शेताचे एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी होती, आणि लोक मात्र वाटण्या करतच होते. आपला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवा. कागदावर एक गट आणि जमिनीवर चार बांध, हे दृश्य महाराष्ट्रात कोणाला नवे नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कायद्याने न बसणारी पण प्रत्यक्ष झालेली वाटणी’ नोंदायला जागा ठेवा, प्रमाणपत्र मिळो न मिळो. नाहीतर पाच वर्षांत नकाशा एक सांगतो आणि शेत दुसरे.

यंत्र आणि दप्तर

सर्व्हरला १६ जीबी मेमरी आणि एक टीबीची दोन एसएसडी, एकमेकींची प्रत असलेली, पुरे होतात. हद्दी आणि नोंदी मिळून एक जीबीही होत नाहीत. जागा खातात ते फोटो: तुकड्यामागे चार, प्रत्येकी अर्धा एमबी, म्हणजे २५,००० तुकड्यांचे ५० जीबी. यूपीएस आणि सौर पॅनेल यात कंजूषी करू नका, वीज गेल्याने फाइली खराब होतात.

रोज रात्री पूर्ण प्रत, दिवसभर बदलांची वही. पोस्टग्रेसमध्ये तिला वॉल म्हणतात. प्रती तीन ठिकाणी: सर्व्हरवर, दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात कुलूपबंद डिस्कवर, आणि इंटरनेट मिळेल तेव्हा देशात किंवा बाहेर. दर महिन्याला एक प्रत खरोखर दुसऱ्या संगणकावर उघडा, तुकडे मोजा आणि कोणतीही दहा प्रमाणपत्रे छापून मूळ कागदाशी ताडा. न उघडलेली प्रत ही प्रत नसते.

कोणी ब्लॉकचेन, म्हणजे एकदा लिहिलेले बदलू न देणारी संगणकीय वही, सुचवेल. नको. जमिनीच्या नोंदीत खोटेपणा शिरतो तो बांधावर आणि टेबलावर, खोटी माहिती आत जाताना. ती एकदा आत गेली की ब्लॉकचेन ती इमानाने जपून ठेवते. त्याऐवजी दोन सह्यांचा नियम, प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंदवही आणि गावात भिंतीवर लावलेली यादी यांनी जास्त साधते.

पैसा

एक टीम, दोन टिपणारे आणि समितीचा एक माणूस, दिवसाला साधारण २० तुकडे करते. २५,००० तुकड्यांना १,२५० टीम-दिवस लागतात. सहा टीम, महिन्याला २० कामाचे दिवस धरले तर साडेदहा महिने. पाऊस, अंत्यविधी आणि बाजाराचे दिवस जमेस धरून एक वर्ष धरा. रेघा संगणकावर आणणारा माणूस दिवसाला ६० तुकडे करतो, म्हणजे दोन माणसांना दहा महिने.

टॅबलेट १५ लागतील, १२ वापरात आणि तीन राखीव, मिळून तीन हजार डॉलरपर्यंत. सर्व्हर, यूपीएस आणि डिस्क दोन-अडीच हजार. दोन जीएनएसएस संच हजाराच्या आसपास. उपग्रह छायाचित्रे तीन ते पाच हजार. एसटीडीएमवर अर्जाची साखळी बांधून घ्यायला, कोड तुमच्या मालकीचा या अटीवर, दहा-पंधरा हजार. बाकी सगळा खर्च माणसांचा: भत्ते, मोटरसायकलींचे पेट्रोल, गावसभा, नोटिसा, वाद मिटवायच्या बैठका, छपाई. एकूण तुकड्यामागे सहा ते आठ डॉलर, म्हणजे दीड ते दोन लाख. यात परवाना शुल्क शून्य आहे, पण त्यामुळे वाचणारी रक्कम एकूण खर्चाच्या मानाने मोठी नाही. मुक्तस्रोताचा खरा फायदा पुढे होतो, अकराव्या वर्षी कोणाला न विचारता दुरुस्ती करता येते.

या रकमेच्या दहा टक्के दर वर्षी वेगळे ठेवा आणि ते जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात आजच लिहून घ्या: रेकॉर्डरचा प्रवास, कागद, डिस्क, दुरुस्ती, आणि साठा सांभाळणारी दोन माणसे. एक नव्हे, दोन. एकच असेल तर त्याला राजधानीत चांगली नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. सर्व्हर, डोमेन आणि मुख्य पासवर्ड जिल्ह्याच्या नावावर असावेत, प्रकल्पाच्या किंवा सल्लागाराच्या नव्हे. पासवर्डचा सीलबंद लिफाफा तिजोरीत ठेवा.

सुरुवात एका गावात, २०० तुकड्यांपासून करा, सहा आठवडे. त्यात खऱ्या नोंदींसोबत पाच खोटे फेरफार मुद्दाम चालवा: एक वारस नोंद, एक अर्धी विक्री, एक तिघांची वाटणी, एक गहाण आणि त्याची परतफेड, आणि शेवटी एक चूक, जी मंजुरीनंतर लक्षात आली आणि दुरुस्त करायची आहे. मग फेरफाराआधीची तारीख टाकून विचारा: त्या दिवशी हा तुकडा कोणाच्या नावावर होता? उत्तर दस्ताच्या प्रतीसह पडद्यावर आले तर उरलेल्या २४,८०० तुकड्यांना हात घाला. नाही आले तर आणखी महिना त्याच गावात थांबा आणि आधी ते दुरुस्त करा.